एका हंगामाचे राजे

खेळाचा संघ कसा जन्माला येतो, असे कुणी विचारले तर आपल्या डोळ्यांसमोर एखादी गल्ली येते, नाही तर एखादी तालीम. चार पोरे जमतात, वर्गणी निघते, कुणाच्या तरी ओळखीने मैदान मिळते आणि दोन पिढ्यांनंतर त्या धडपडीला इतिहास म्हणू लागतात. लंडन मोनार्क्स हा संघ असा जन्मला नाही. तो आधी अमेरिकेतल्या बैठकीत ठरला. खेळाडू नंतर मिळाले आणि प्रेक्षक सगळ्यांत शेवटी. तरीही १९९१ च्या आपल्या पहिल्याच हंगामात या संघाने जे करून दाखवले, ते अनेक जुन्याजाणत्या संघांच्या नशिबी येत नाही.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो जमीन मिळवण्याचा खेळ आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती. शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन. ब्रिटनमध्ये १९८२ पासून ‘चॅनेल फोर’ने हा खेळ घराघरात नेला. ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज हे संघ वेम्ब्लीवर नुसता मैत्रीचा सामना खेळायला आले, तर ८२ हजारांवर लोक लोटले. एवढी गर्दी पाहून अमेरिकेतल्या एनएफएल संघांच्या मालकांनी हिशेब मांडला नसता तरच नवल.

त्या हिशेबातून ‘वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल’ उभी राहिली. संघ दहा : सहा अमेरिकेतले, एक कॅनडातला आणि तीन युरोपातले, लंडन, फ्रँकफर्ट व बार्सिलोना. ही लीग म्हणजे एक प्रयोगशाळाच होती. खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कॅमेरा बसवण्याचे प्रयोग तिथे झाले. टचडाऊननंतर दोन गुणांसाठी धाव घेण्याची मुभा तिथे होती. एनएफएलने ती १९९४ मध्ये स्वीकारली. खेळाडू बहुतेक असे, की ज्यांना एनएफएलच्या दारातून परत फिरावे लागले होते. मोनार्क्सचा क्वार्टरबॅक स्टॅन गेलबॉ त्यांपैकीच एक. प्रत्येक युरोपीय संघात काही स्थानिक खेळाडूही असत. मोनार्क्ससाठी चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा फिल अलेक्झांडर हा इंग्रज होता.

मी त्या वर्षी नोकरीनिमित्त लंडनमध्ये होतो. बिऱ्हाड वेम्ब्ली भागात. ईलिंग रोडवर साड्यांची नि भाजीची दुकाने, आणि थोडे पलीकडे स्टेडियमचे ते दोन पांढरे मनोरे. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. शाळेत त्याला पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारला गेला : “तुझी टीम कोणती?” तिथे हा प्रश्न साधा नसतो. कुणाचा आजोबा आर्सेनलचा, कुणाची तीन पिढ्यांची निष्ठा टॉटनहॅमला वाहिलेली. संघ तिथे वारशाने मिळतो. आमच्या पोराला वारसा कुठला? तो घरी येऊन गप्प बसायचा.

मोनार्क्सचे पहिले तिकीट मी काढले, ते केवळ मैदान घराजवळ म्हणून. पण स्टँडमध्ये बसल्यावर लक्षात आले, की इथे सगळेच नवे होते. शेजारच्या आडदांड इंग्रजालाही नियम अर्धेच ठाऊक. तो माझ्या मुलाला विचारत होता, “आता किती यार्ड हवेत?” आणि मुलगा ऐटीत सांगत होता. आजोबांचा दाखला इथे कुणी मागत नव्हते. पहिल्या हंगामाची खरी गंमत हीच असते. रांग अजून लागलेली नसते, त्यामुळे मागून आलेला कुणी नसतो.

आणि संघही कसा खेळला! २३ मार्चला फ्रँकफर्टमध्ये पहिला सामना २४-११ असा जिंकला. प्रशिक्षक लॅरी केनन यांच्या हाताखाली ओळीने नऊ विजय. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात मात्र बार्सिलोना ड्रॅगन्सने वेम्ब्लीवरच २०-१७ असे हरवले. तेव्हा पन्नास हजार लोक होते, पण घरी परतताना रस्ता सुनसान वाटला. उपांत्य सामना न्यू जर्सीत ४२-२६ असा मारून संघ परतला. ९ जूनला वेम्ब्लीवर अंतिम सामना, आणि समोर पुन्हा बार्सिलोना. या वेळी ६१,१०८ प्रेक्षकांसमोर हिशेब चुकता झाला : २१-०. डॅन क्रॉसमनने प्रतिपक्षाचे तीन पास मधल्यामध्ये झेलले, त्यांपैकी एक घेऊन थेट टचडाऊन केला. मुलाचा आवाज दोन दिवस बसला होता.

पुढची कहाणी मात्र उताराची आहे. १९९२ मध्ये दहापैकी दोनच विजय. त्यानंतर मालकांनी लीगच थांबवली. १९९५ मध्ये ती फक्त युरोपापुरती पुन्हा सुरू झाली, पण मोनार्क्सला वेम्ब्ली उरले नाही. टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेनवर तर पुरेशी लांबीच नव्हती. मैदान आखूड आखावे लागले. मग चेल्सीचे मैदान, मग १९९८ मध्ये ‘इंग्लंड मोनार्क्स’ असे नाव घेऊन लंडन, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम अशी भटकंती. त्या वर्षानंतर संघ बंद झाला आणि त्याची जागा बर्लिनला मिळाली.

फ्रँकफर्टचा संघ पहिलाच सामना हरला होता. त्या हंगामात दहापैकी सात सामने जिंकूनही त्याला बाद फेरी मिळाली नाही. पण तो आपल्या शहरातल्या मैदानात टिकून राहिला आणि २००७ मध्ये लीग बंद होईपर्यंत खेळला. २०२१ च्या नव्या युरोपियन लीगमध्ये त्याच नावाचा संघ उभा राहिला आणि त्याने पहिले विजेतेपदही पटकावले. पहिल्या वर्षी लंडनला करंडक मिळाला, फ्रँकफर्टला घर मिळाले. संघाला जगवते ते घर.

२००७ च्या जूनमध्ये एनएफएलने ही युरोपीय लीग गुंडाळली आणि त्याच ऑक्टोबरात नव्या वेम्ब्लीवर आपला खराखुरा साखळी सामना भरवला. व्यापार म्हणून हे चोखच. पाहुणे बोलावता येत असतील तर घरचा संघ पोसायचा कशाला? पण पाहुण्याच्या सामन्यात टाळ्या वाजतात, ‘आपण जिंकलो’ असे कुणी म्हणत नाही. ज्याने संघ काढला त्याने तो बंद केला, कायद्याने त्यात खोट नाही. मात्र स्टँडमध्ये बसून ‘आपण’ म्हणणाऱ्या साठ हजारांना त्या बैठकीत खुर्ची नव्हती. संघ विकत घेणाऱ्या आणि हलवणाऱ्या प्रत्येकाने ‘आपण’ या शब्दाची किंमत एकदा मांडून पाहावी.

माझा मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. कुणी त्याला टीम विचारली, तर तो अजूनही मोनार्क्सचेच नाव सांगतो. समोरचा म्हणतो, “असा संघ तर नाहीच.” त्यावर तो शांतपणे साल सांगतो : १९९१.