एक फळी, एक कमळ आणि ऐंशी मिनिटं

'वीकएन्डला काय करतेस?' असं कुणी विचारलं, की मी सांगते, 'लाकूड कोरते.' समोरचा आधी हसतो आणि मग हळूच माझी बोटं मोजतो. दोस्तहो, दहाच्या दहा शाबूत आहेत! कारण कोरण्याचं काम मशीन करतं. माझ्या वाट्याला फक्त टेन्शन.

टेबलावर मावणारं हे हॉबी सीएनसी राउटर '३०१८' या नावानं मिळतं. म्हणजे कोरायला जागा साधारण ३० बाय १८ सेंटिमीटर. कॉम्प्युटर सांगेल तसं टूल डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकतं. या वर-खालीमुळेच उठावाचं थ्रीडी नक्षीकाम जमतं.

मला हवं होतं कमळ. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला, तिच्या देव्हाऱ्यामागे लावायला. लाकूड होतं आमचा वाडा पाडला तेव्हा वाचवलेलं, जुन्या दाराचं सागवान. फळी एकच. बिघडली तर संपलं!

म्हणून आधी पाइनवर ट्रायल. डिझाइन म्हणजे काळं-पांढरं चित्र. पांढरं तिथे उंच, काळं तिथे खोल. सॉफ्टवेअर त्यावरून टूलचा रस्ता, म्हणजे जी-कोड बनवतं. काम दोन टप्प्यांत होतं. सपाट टोकाच्या टूलनं जास्तीचं लाकूड भराभर काढायचं, हे रफिंग. मग गोल टोकाच्या 'बॉल नोज'नं फिनिशिंग.

रफिंग झक्कास झालं. टूल बदललं, स्टार्ट दाबलं आणि कर्रर्र! टूल थेट पाकळीत घुसलं. नवं टूल जरा जास्त बाहेर आलं होतं आणि उंचीचं शून्य पुन्हा सेट करायला मी विसरले होते. आता प्रत्येक वेळी टूलखाली साधा कागद ठेवते. तो सरकवताना किंचित अडला की तेच शून्य.

सागवानाला हात लावण्याआधी ओळखीच्या सुतारकाकांना फळी दाखवली. 'पोरी, जुनं दार आहे. खिळे बघितलेस का?' मी गप्प. त्यांनी लोहचुंबक फिरवलं, तर एका कोपऱ्यात खटकन चिकटलं. आत तुटका खिळा! त्यावर टूल आदळलं असतं तर तुटलंच असतं. काका पुढे म्हणाले, 'लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या पाकळ्यांची टोकं बारीक ठेवू नकोस, उडतील.' कॉम्प्युटरनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. टोकं जाड केली, कमळ खिळ्यापासून लांब सरकवलं.

आता थोडं गणित. कमळ २०० बाय १२० मिलिमीटर. फिनिशिंगच्या दोन रेघांत ०.३ मिलिमीटर अंतर, म्हणजे ४०० रेघा, ८० मीटरचा प्रवास. मिनिटाला एक मीटर वेगानं ८० मिनिटं. अंतर निम्मं केलं तर नक्षी आणखी गुळगुळीत, पण वेळ दुप्पट. तोवर मशीन सोडून चहालाही जायचं नाही. गॉगल आणि मास्क हवेतच, सागवानाची धूळ नाकात जाते. मी नखं खात बसले. पण एकही टोक उडालं नाही!

मग बारीक पॉलिश पेपर, जवसाच्या तेलाचा हात आणि फळी आजीच्या मांडीवर. तिनं कमळ पाहिलं, मग फळी उलटी केली. मागचा जुना हिरवा रंग मी मुद्दामच काढला नव्हता. त्यावरून बोटं फिरवत ती म्हणाली, 'हे माजघराचं दार. इथंच कडी होती बघ.'

कमळाचं कौतुक झालं, पण जरा उशिरानं. तेव्हा तुम्हीही जुनं लाकूड कोरणार असाल तर दोन गोष्टी करा. आधी लोहचुंबक फिरवा. आणि मागची बाजू तशीच ठेवा.