गिऱ्हाईक का आलं नाही, हे मोजायचं कसं?

पेटची तयारी करताना बऱ्याच जणांचा विषय ठरलेला असतो: दलित उद्योजकांसमोरील अडचणी किंवा मराठी सिनेमातले दलित दिग्दर्शक. विषय चांगलाच आहे. पण मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, अडचण जातीमुळेच आली हे दाखवणार कसं? मी विज्ञानाच्या बाजूचा, त्यामुळे मला हा प्रश्न कंट्रोल ग्रुपचा वाटतो.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे घ्या. शाहू महाराजांच्या पदरी नोकरी. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण मालक महार म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले.

आता संशोधक म्हणून बघा. समजा नंतर गर्दी वाढली, तर काय सिद्ध होतं? राजा जिथं चहा पितो तिथं लोक जाणारच, मालक कुणीही असो. याउलट डॉ. आंबेडकरांचा अनुभव पुरावा म्हणून जास्त स्वच्छ आहे. परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच अशील यायचे बंद झाले. सल्ला तोच, माणूस तोच, बदलली फक्त माहिती.

हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वापरली (२००७). खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, आडनावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याचे ऑड्स ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. (ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे! व्हायव्हात हमखास विचारतात.)

धंद्यात असं करणं अवघड. २००५ च्या आर्थिक गणनेत अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग ९.८ टक्के होते, लोकसंख्येतला वाटा साधारण १६ टक्के. तफावत दिसते, कारण दिसत नाही. भांडवल, जमीन, शिक्षण, ओळखी, गिऱ्हाईक, सगळं त्यात मिसळलेलं आहे.

सिनेमात तर आणखी पंचाईत. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) गाजला, 'सैराट'नं (२०१६) कमाईचे विक्रम मोडले, म्हणून "आता कुठे राहिलाय भेदभाव?" असं ऐकवलं जातं. पण जो सिनेमा निर्मात्याच्या दारातच मेला त्याची नोंद कुठे असते? फक्त टिकलेल्यांना मोजलं तर उत्तर गोड येणारच.

नोंद उरते ती सेन्सॉरकडे. २०२५ मध्ये 'फुले' चित्रपटातल्या जातिवाचक शब्दांवर मंडळानं बदल सुचवले, काही संघटनांनी आक्षेप घेतले आणि ११ एप्रिलचं प्रदर्शन २५ एप्रिलवर गेलं. मात्र दिग्दर्शक अनंत महादेवन दलित नाहीत. म्हणजे इथं विरोध विषयाला झाला, बनवणाऱ्याच्या जातीला नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतील. अमेरिकेत त्या एकत्रच सापडतात. ऑस्कर मिशो हा कृष्णवर्णीय दिग्दर्शक, स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकणारा. त्याचा 'विदिन अवर गेट्स' (१९२०) शिकागोच्या सेन्सॉरनं आधी अडवला, कारण आदल्याच वर्षी शहरात वांशिक दंगल झाली होती.

प्रश्नावली करताना "तुमच्यावर अन्याय झाला का?" असं विचारू नका. माणूस एकतर गप्प बसतो किंवा तुम्हाला हवं ते बोलतो. कर्ज किती वेळा मागितलं, जामीन कोण राहिलं, उधारीवर माल कोण देतं, हे विचारा. आणि पाटीवर आडनाव आहे का ते बघा. मी मनोरीचा, तरीतून मार्वेला उतरलो की मालाड स्टेशनपर्यंत पाट्या वाचत जातो. देवाचं नाव, मुलीचं नाव, गावाचं नाव, आडनाव. पायलट स्टडीसाठी एक वही आणि एक रविवार पुरतो.