डीपीत वेढे किती? आधी एलव्ही, मग एचव्ही

वसई, नालासोपारा, विरार, कुठेही जा, गल्लीच्या तोंडाशी एक तरी डीपी दिसतेच. आपण जिला डीपी म्हणतो तिच्यातला मुख्य भाग म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच रोहित्र. पुस्तकातली बहुतेक गणितं ११ केव्हीची असतात. आपल्याकडे महावितरणचे बरेच फीडर २२ केव्हीचे आहेत. म्हणून उदाहरण आपल्याकडचंच घेऊ: १०० केव्हीए, २२०००/४३३ व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन फेज, एचव्ही डेल्टा आणि एलव्ही स्टार.

पायरी १: एका वेढ्याला किती व्होल्ट?

सुरुवात वेढ्यांपासून होत नाही, दर वेढ्यामागच्या व्होल्टेजपासून होते. अंदाजाचं सूत्र सोपं आहे: एक स्थिरांक × √केव्हीए. तीन फेजच्या कोर प्रकारच्या वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी हा स्थिरांक साधारण ०.४५ धरतात. म्हणजे ०.४५ × √१०० = ४.५ व्होल्ट. स्थिरांक वाढवला तर कोर जाड होतो आणि वेढे कमी लागतात. कमी केला तर उलट. थोडक्यात, लोखंडावर खर्च करायचा की तांब्यावर, हे इथेच ठरतं.

पायरी २: वेढे

एलव्ही स्टार आहे, म्हणून फेजचं व्होल्टेज ४३३ ÷ √३ = २५०. एचव्ही डेल्टा आहे, म्हणून तिथे फेजला पूर्ण २२००० व्होल्ट. तिथे √३ ने भागायचं नाही.

आता बघा. २५० ÷ ४.५ = ५५.५६, म्हणजे ५६ वेढे. २२००० ÷ ४.५ = ४८८८.९, म्हणजे ४८८९ वेढे. दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात ना? पण गुणोत्तर काढा: ४८८९ ÷ ५६ = ८७.३०. हवं होतं २२००० ÷ २५० = ८८. फरक जवळजवळ ०.८ टक्के. भारतीय मानकानुसार गुणोत्तरातली सूट ±०.५ टक्के किंवा टक्केवारी इम्पीडन्सचा दहावा भाग, यांपैकी जे कमी असेल ते. इम्पीडन्स ४.५ टक्के धरला तर सूट फक्त ०.४५ टक्के. म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर गुणोत्तर चाचणीतच नापास.

कारण साधं आहे. एलव्हीचा एक वेढा म्हणजे जवळजवळ १.८ टक्के, एचव्हीचा एक वेढा म्हणजे ०.०२ टक्के. अपूर्णांक काढताना जिथे जास्त धक्का बसतो, ती बाजू आधी पक्की करायची. एलव्ही ५६ ठरवा, मग एचव्ही = ५६ × ८८ = ४९२८. दर वेढ्याचं व्होल्टेज आता ४.५ नाही, २५० ÷ ५६ = ४.४६४. पुढची सगळी गणितं याच आकड्यावर करायची.

पायरी ३: कोर तपासा

फ्लक्स = ४.४६४ ÷ (४.४४ × ५०) = ०.०२०१ वेबर. कोरचं निव्वळ क्षेत्रफळ १२६ चौरस सेंमी घेतलं तर फ्लक्सची घनता सुमारे १.६ टेस्ला. आयएस ११८० (भाग १) सांगतं की व्होल्टेज आणि वारंवारता मिळून १२.५ टक्के फरक पडला तरी घनता १.९ टेस्लाच्या वर जाऊ नये. १.६ × १.१२५ = १.८. चालेल.

मग तांबं वाचवायला त्याच कोरवर ५० वेढे घेतले तर? दर वेढ्याला ५ व्होल्ट, घनता १.७९, आणि १.१२५ ने गुणल्यावर २.०१. मर्यादा ओलांडली, कोर संपृक्त होऊन चुंबकन प्रवाह आणि आवाज दोन्ही वाढणार. उलट वेढे बरेच वाढवले तर तार लांबते, लोड लॉस वाढतो, आणि लीकेज रिअॅक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून इम्पीडन्स ४.५ वर राहत नाही.

मानकात एकूण लॉसची मर्यादा ५० टक्के आणि १०० टक्के अशा दोन्ही लोडला दिली आहे. अर्ध्या लोडला तांब्याचा लॉस एक चतुर्थांश होतो, पण कोरचा तेवढाच राहतो. म्हणून वेढे कमी केले की पहिली अडचण ५० टक्क्यांवर येते, वाढवले की १०० टक्क्यांवर.

संशोधनासाठी याचा उपयोग काय?

ट्रान्सफॉर्मर डिझाइनच्या ऑप्टिमायझेशनवर काम करणार असाल तर एलव्हीचे वेढे हे पूर्णांक चल म्हणूनच घ्या आणि एचव्हीचे वेढे त्यावरून काढा. दोन्ही स्वतंत्र चल ठेवू नका. प्रोग्रामने ५५.५६ वेढ्यांवर सगळ्यात कमी खर्च दाखवला तर ते उत्तर नाही. ५५ आणि ५६ दोन्हींसाठी घनता, लॉस आणि इम्पीडन्स पुन्हा काढा, मग निवडा. वाइंडिंग करणारा माणूस अर्धा वेढा घालत नाही.

सरावाला हेच गणित २०० केव्हीएसाठी करून बघा. एलव्हीला ३९ वेढे आले, तर गाडी रुळावर आहे.