थायमस: बिनकामाची ठरलेली ग्रंथी

कामगाराच्या कामाची खरी किंमत तो कामावर आला नाही म्हणजे कळते, हा आम्हा संघटनेच्या माणसांचा नेहमीचा अनुभव. शरीरशास्त्रातही एकदा असेच घडले.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस नावाची मऊ ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते; वयात आल्यावर आक्रसत जाते. म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञांनी तिला निकामी ठरविले होते. १९६१ साली लंडनमध्ये झाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. पुढे पिले खंगली, संसर्गाने मरू लागली. आणि परक्या उंदराची कातडी लावली तर त्यांच्या शरीराने ती नाकारली नाही. आपले कोण नि परके कोण, ही ओळखच उरली नव्हती.

ती ओळख शिकविणारी शाळा म्हणजे थायमस. अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी येथे ‘टी-पेशी’ बनतात. परीक्षा मोठी कडक! शेकडा पंचाण्णवांहून अधिक पेशी येथेच मरतात. निरुपयोगी पेशी गळतात, तशाच आपल्याच शरीरावर उठणाऱ्याही बहुतेक गळतात. काहींना तर इतरांना आवरण्याचेच काम मिळते.

१९६६ साली अमेरिकेत ॲलन गोल्डस्टीन व अब्राहम व्हाइट यांनी या ग्रंथीच्या अर्काला ‘थायमोसिन’ नाव दिले. त्या अर्कात अनेक पेप्टाइडे, म्हणजे ॲमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, निघाल्या. त्यांतली २८ कड्यांची ‘थायमोसिन अल्फा-१’ काही देशांत हिपॅटायटिस-बी या यकृताच्या रोगावर औषध म्हणून मान्य झाली. मग तीच जंतुदोषातून अवयव निकामी करणाऱ्या ‘सेप्सिस’वरही चालेल काय? चीनमधील २२ केंद्रांत ११०६ रुग्णांवर पाहिले गेले. निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. २८ दिवसांत औषध घेतलेल्यांपैकी शेकडा २३.४ दगावले, नुसते नावाचे औषध घेतलेल्यांपैकी २४.१. फरक म्हणावा असा नाहीच.

आमच्या वस्तीतला आजारी माणूस ‘शक्तीच्या सुई’साठी कर्जही काढतो. त्याला आम्ही सांगतो, बाबा, प्रतिकारशक्ती म्हणजे नुसता जोर नव्हे, शिस्तही आहे. सुई कोणत्या रोगावर, न घेणाऱ्यांच्या मानाने किती वाचले, हे आधी विचार. आणि एक ध्यानात ठेव: लेकराची थायमस उपासमारीनेही आक्रसते. तिथे पहिले औषध पोटभर अन्नच!