क्लाऊडवरील मनुष्यबळ व्यवस्थापन : नोंदी दूर गेल्या, जबाबदारी नाही

सरकारी कर्मचाऱ्याच्या आयुष्यात सेवापुस्तकाला अनन्यसाधारण महत्त्व असते. जन्मतारीख, नियुक्तीचा दिनांक, वेतनवाढी, पदोन्नती, रजेचा हिशेब आणि वारसाचे नाव या साऱ्या नोंदी त्यात असतात आणि निवृत्तिवेतनही त्यांच्याच आधारे ठरते. नागपूरहून बिलासपूरला बदली झाली की सेवापुस्तकही मागोमाग रवाना होई. ते वाटेत रखडले किंवा एखादी नोंद साक्षांकित करायची राहून गेली, तर त्याचा फटका अनेकदा थेट निवृत्तीच्या वेळी बसे. आता सेवापुस्तकाच्या जागी संगणकीय नोंदी येत आहेत. खासगी उद्योगांत तर या नोंदी बहुधा कंपनीच्या कार्यालयातही नसतात. त्या दूरवरच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजेच क्लाऊडवर असतात. या बदलाने सोय झाली आहे. परंतु नोंद चुकल्यास उत्तर कोणी द्यायचे, हा जुना प्रश्न कायम आहे.

सेवेच्या रूपातील सॉफ्टवेअर

पूर्वी वेतनाचे सॉफ्टवेअर विकत घेऊन ते कार्यालयातील संगणकावर बसवले जाई. नियम बदलला की तंत्रज्ञ येऊन ते अद्ययावत करून देई. क्लाऊड पद्धतीत सॉफ्टवेअर पुरवठादाराकडेच राहते आणि ग्राहक इंटरनेटद्वारे ते वापरतो. एकच प्रणाली अनेक कंपन्या वापरतात, मात्र प्रत्येकीची माहिती स्वतंत्र ठेवली जाते. शुल्क सामान्यतः कर्मचारीसंख्येनुसार आकारले जाते. हजेरी, रजा, वेतन, करकपात, भरती, प्रशिक्षण आणि कामगिरीचे मूल्यमापन हे सारे एकाच ठिकाणी येते, तर कर्मचाऱ्याला मोबाईलवरून रजेचा अर्ज करता येतो आणि वेतनपत्रक पाहता येते.

या क्षेत्रातील अमेरिकी कंपनी वर्कडे २००५ मध्ये स्थापन झाली. भारतात चेन्नईची झोहो, हैदराबादची डार्विनबॉक्स आणि बंगळूरुची ग्रेटएचआर यांसारख्या कंपन्या अशी सेवा देतात. केंद्र सरकारने शासकीय क्लाऊडसाठी ‘मेघराज’ उपक्रम हाती घेतला. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या ‘ई-एचआरएमएस’ प्रणालीचा प्रारंभ २५ डिसेंबर २०१७ रोजी झाला. भारतीय रेल्वेने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या मनुष्यबळ व्यवस्थापन प्रणालीत कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नोंदी पाहण्याची आणि भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम रकमेसाठी ऑनलाइन अर्ज करण्याची सोय दिली.

एक सूत्र, अनेकांचे वेतन

या पद्धतीचा मोठा लाभ कायदा बदलतो तेव्हा दिसतो. देशातील चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील वेतनाच्या व्याख्येनुसार, घरभाडे आणि प्रवासभत्त्यासारखे वगळण्याजोगे घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर निम्म्यावरील रक्कम वेतनातच धरली जाते.

समजा, एखाद्या कर्मचाऱ्याचा मासिक मोबदला ४०,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन १४,००० रुपये आणि वगळण्याजोगे भत्ते २६,००० रुपये आहेत. नव्या व्याख्येनुसार भत्त्यांतील २०,००० रुपयांवरील ६,००० रुपये वेतनात मिळवले जातील आणि वेतन २०,००० रुपये ठरेल. उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी असते आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. मूळ वेतन १४,००० रुपये धरल्यास ती वर्षाला सुमारे ८,०७७ रुपये होते. २०,००० रुपये धरल्यास ११,५३८ रुपये.

क्लाऊड प्रणालीत असे सूत्र पुरवठादार एकाच ठिकाणी बदलतो आणि ते सर्व ग्राहकांपर्यंत पोहोचते. लहान उद्योगाला स्वतंत्र तज्ज्ञ नेमावा लागत नाही. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सूत्रात चूक झाली, तर तीही एकाच वेळी साऱ्यांच्या वेतनपत्रकांत उतरते आणि आकडा संगणकाने काढलेला असल्याने तो सहसा कोणी तपासत नाही.

बिघाडाची किंमत

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील यूकेजी कंपनीच्या ‘क्रोनोस प्रायव्हेट क्लाऊड’वर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. रुग्णालयांपासून सार्वजनिक वाहतूक संस्थांपर्यंत अनेक आस्थापनांची हजेरीची नोंद कित्येक आठवडे विस्कळीत झाली. काही ठिकाणी कामाचे तास कागदावर लिहून ठेवावे लागले आणि जादा कामाचा मोबदला चुकल्याच्या तक्रारी न्यायालयांपर्यंत गेल्या.

क्लाऊड असो वा सरकारी सर्व्हर, केंद्रीभूत प्रणालीचा हा धोका महाराष्ट्राच्याही परिचयाचा आहे. शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठीची ‘शालार्थ’ प्रणाली २०१८ च्या प्रारंभी तांत्रिक बिघाडामुळे बंद पडली, तेव्हा वेतन ऑफलाइन पद्धतीने अदा करावे लागले. पुढे २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांच्या आधारे अपात्र व्यक्तींना वेतन दिल्याच्या आरोपांचा पोलीस तपास सुरू झाला. पहिला प्रश्न यंत्राचा होता, दुसरा यंत्र हाताळणाऱ्यांचा. प्रणाली नोंद जपते. ती नोंद खरी आहे की नाही, हे माणसांनाच पडताळावे लागते.

कायदा काय सांगतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ या बाबतीत स्पष्ट आहे. माहितीचा वापर कशासाठी व कसा करायचा हे नियोक्ता ठरवतो. क्लाऊड कंपनी त्याच्या वतीने त्या माहितीवर प्रक्रिया करते. त्यामुळे प्रक्रिया दुसऱ्याकडे सोपवली तरी कायद्याच्या पालनाची जबाबदारी नियोक्त्याचीच राहते. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, प्रमुख बंधने अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

एक बाब कर्मचाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. रोजगाराच्या प्रयोजनासाठी माहिती वापरताना नियोक्त्याला वेगळी संमती घेण्याची गरज नाही. उलट, आपली माहिती पाहण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क या कायद्यात प्रामुख्याने संमतीने दिलेल्या माहितीशी जोडलेला आहे. कर्मचाऱ्यावर परिणाम करणारा निर्णय ज्या माहितीवर घेतला जाणार असेल, ती पूर्ण व अचूक ठेवण्याचे कर्तव्य नियोक्त्यावर आहे. तथापि, दुरुस्तीची मुदत आणि तक्रारीची रीत सेवाशर्तींतच लिहिलेली असणे अधिक हिताचे ठरते.

दोन्ही बाजूंची दक्षता

प्रणाली निवडताना केवळ शुल्क व सुविधा पाहून भागत नाही. माहिती कोठे साठवली जाते, तिची प्रत किती वेळाने घेतली जाते आणि त्या प्रतीवरून नोंदी पूर्ववत करून पाहिल्या आहेत का, हे आस्थापनेने विचारायला हवे. वेतनाच्या किंवा वैद्यकीय नोंदी कोणाला दिसतील, नोंद कोणी व केव्हा बदलली याचा माग राहतो का आणि करार संपल्यावर सर्व माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळेल का, या प्रश्नांची उत्तरे करारातच असायला हवीत. प्रणाली ऐन महिनाअखेरीस बंद पडली तरी वेतनाचा दिवस टळत नाही. संहितेनुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावेच लागते. म्हणून पर्यायी व्यवस्था आधीच ठरलेली हवी.

कर्मचाऱ्यानेही आपले नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याचा दिनांक व वारसाची नोंद वर्षातून एकदा तपासावी. २०१४ मध्ये आलेल्या सार्वत्रिक खाते क्रमांकाशी, अर्थात यूएएनशी, हा तपशील जुळतो की नाही हेही पाहावे; नावातील एका अक्षराच्या फरकानेही भविष्यनिर्वाह निधीचा दावा अडकू शकतो. नोकरी सोडल्यावर प्रणालीतील प्रवेश सहसा बंद होतो. त्यामुळे वेतनपत्रके आणि करकपातीची प्रमाणपत्रे त्यापूर्वीच उतरवून घ्यावीत.

सेवापुस्तकाच्या पानावर नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी असे आणि चूक निघाली तर कोणाकडे जायचे हे त्या स्वाक्षरीवरून कळे. क्लाऊडवरील नोंदीलाही असा एक उत्तरदायी अधिकारी असायला हवा आणि त्याचे नाव कर्मचाऱ्याला ठाऊक असायला हवे.