झाकणाचे रीळ घ्यावे की उघडे?

पावसाळा सरून ओढ्या-नाल्यांचे पाणी निवळले की अच्छाड, तलासरी, डहाणू भागात गळ टाकणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. वारोळी नदीचे डोह, दापचरीजवळचे कुर्झे धरण, पलीकडे झाई-बोर्डीचा किनारा. पाण्याला इकडे तोटा नाही. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाला रविवारी पोराबाळांसह पाण्याकाठी बसायला मिळाले आणि संध्याकाळी घरच्या कालवणाची सोय झाली, तर याहून स्वस्त करमणूक कोणती?

पूर्वी बांबूची काठी, तंगूसाची दोरी आणि गळ एवढ्यावर काम भागे. आता तरुण मुले रीळ लावलेली काठी मागतात. दुकानात गेले की दोन प्रकार समोर येतात, एक उघडे रीळ आणि दुसरे झाकणाचे. किंमत ऐकल्यावर घरच्या माउलीच्या कपाळाला आठी पडते, आणि ते बरोबरच आहे. कष्टाचा पैसा एकदाच खर्च करायचा आहे, म्हणून दोन्हींचे गुणदोष आपण आधीच समजून घेऊ.

झाकणाच्या रिळात दोरीची फिरकी एका टोपणाखाली बंद असते. टोपणाच्या मधोमध छिद्र असते, त्यातून दोरी बाहेर येते. मागे अंगठ्याने दाबायचे बटण असते. बटण दाबून धरायचे, काठी पुढे झटकायची आणि त्याच क्षणी अंगठा सोडायचा, की दोरी सुटते. मूठ फिरवली की आतली छोटी खुंटी बाहेर येऊन दोरी पकडते व गुंडाळू लागते. अमेरिकेतल्या आर. डी. हल नावाच्या घड्याळजीने हे रीळ घडवले. किराणा दुकानात पुडी बांधताना रिळावरून सुतळी सरसर सुटते, ते पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. तेलविहिरींसाठी सुरुंग बनवणाऱ्या टल्सा शहरातील कंपनीने १९४९ साली त्याचे पहिले रीळ बाजारात आणले. पुढे झेब्को या नावाने १९५४ साली आलेले बटणाचे ३३ नंबरचे रीळ घराघरांत पोहोचले.

आता गुण पाहू. पहिला गुण म्हणजे हे शिकायला सोपे आहे. आठ-दहा वर्षांचे पोर अर्ध्या तासात गळ फेकू लागते. दोरी टोपणाखाली असल्याने वाऱ्याने भुरभुरत नाही आणि गुंताही कमी होतो. उघड्या रिळाची तार उघडा, दोरी बोटावर धरा, वेळेवर सोडा, ही कसरत इथे नाही. बोटे आखडलेल्या आजोबांना किंवा मशीनवर बोट गमावलेल्या कामगारालाही अंगठ्याच्या बळावर हे चालवता येते. साध्या कामाचे रीळ किमतीलाही बेताचे असते.

दोषही लपवून चालणार नाही. छिद्राच्या कडेला दोरी घासते, म्हणून गळ उघड्या रिळाइतका लांब जात नाही. आत दोरी कमी मावते. मोठा कटला किंवा जोरकस मरळ लागला तर स्वस्त रिळाची पकड घसरते, आतल्या प्लास्टिकच्या दातऱ्या झिजतात. सर्वांत मोठा दोष म्हणजे आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. वाळूचा कण, खारे पाणी, ओली दोरी टोपणाखाली तशीच राहते आणि गंज धरतो. त्यामुळे झाईच्या खाऱ्या पाण्यासाठी उघडे रीळच बरे. ते धुवायला आणि दुरुस्त करायला सोपे पडते.

विकत घेताना दुकानदारासमोरच टोपण फिरवून काढावे. खुंटी धातूची आहे का ते पाहावे. छिद्राची कड बोटाने चाचपावी, खरखरीत असेल तर ती दोरी कापते. मूठ फिरवून अडखळते का बघावे. लेबलवर लिहिलेल्यापेक्षा जाड दोरी भरू नये. घरी आल्यावर टोपण उघडून ओल पुसावी, सावलीत वाळवून तेलाचा एखादा थेंब सोडावा. एवढ्याने रीळ कित्येक हंगाम टिकते.

आमचे मत असे की गावतळ्यात छोटी मासळी धरायची असेल, तर बांबूची काठीच पुरेशी आहे. डोहात, धरणाच्या काठी, मुलांना शिकवायचे असेल तर झाकणाचे रीळ घ्यावे. समुद्रावर किंवा मोठ्या माशामागे जायचे असेल तर थोडे थांबून, पैसे साठवून चांगले उघडे रीळ घ्यावे. दोन शेजारी मिळून एक घेतले तरी हरकत नाही.

धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असते, म्हणून आधी विचारून परवानगी घ्यावी. पावसाच्या पुरात पोरांना काठावर सोडू नये. फेकताना मागे कोणी उभे नाही ना, हे पाहावे, कारण गळ डोळ्यात शिरला तर आयुष्यभराचे दुःख पदरी येते. तुटलेली दोरी तिथेच टाकू नये, बगळ्या-पाणकावळ्यांचे पाय त्यात अडकतात. ती गुंडाळून घरी आणावी. रीळ झाकणाचे असो की उघडे, सांभाळून वापरले तरच खर्च सार्थकी लागतो.