कासवांच्या गावी जाताना

हिवाळा ओसरू लागला की रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी पर्यटकांची वर्दळ सुरू होते. नाना फडणवीसांचे गाव ही वेळासची जुनी ओळख. आता ते कासवांचे गाव म्हणूनही प्रसिद्धी पावले आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने येथे ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या घरट्यांचे संरक्षण हाती घेतले. तत्पूर्वी वाळूतील अंडी माणसे उकरून नेत आणि उरलीसुरली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत. पुढे वन विभागाचेही साहाय्य लाभले. पिल्ले पाहावयास येणाऱ्यांची सोय ग्रामस्थांच्या घरांतूनच होऊ लागली आणि कासवाचे रक्षण हे अनेक कुटुंबांच्या चार पैशांचे साधनही बनले. मात्र ज्या गर्दीमुळे हे घडले, तीच गर्दी बेफिकीर झाल्यास कासवाच्या मुळावर येऊ शकते.

वाळूतील जीवनक्रम

मादी रात्री भरतीच्या रेषेपलीकडे येते, मागील पायांनी खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परतते. पुन्हा ती तिकडे फिरकत नाही. कार्यकर्ते ही अंडी कुंपणाच्या सुरक्षित जागेत हलवितात. वाळूच्या उबेने साधारणतः दीड ते दोन महिन्यांत पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर निपजेल की मादी, हेदेखील वाळूच्या तापमानावर ठरते. बाहेर आलेले पिल्लू उजेडाच्या रोखाने चालू लागते. काळोख्या किनाऱ्यावर हा उजेड समुद्राच्या बाजूचा असतो. मागे विजेचे दिवे किंवा हातातील बॅटरी असेल, तर पिल्लू जमिनीकडे वळते आणि थकून मरते किंवा पक्ष्यांचे भक्ष्य होते. म्हणूनच पिल्ले पाहताना दोरीबाहेर उभे राहावे, प्रकाशझोत टाकू नये आणि छायाचित्रासाठी पिल्लास हाती घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हे कासव संरक्षित प्राणी आहे, याचे भान ठेवावे.

पुळणीवर मोटार पळविण्याची हौस तर सर्वांत घातक होय. चाकांखाली वाळू दबून कठीण होते, चाकोऱ्यांत पिल्ले अडकतात आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल चिरडली जाते. प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात तरंगू लागली की कासवास ती जेलीफिशसारखी भासते.

पाण्याचा प्रश्न वेगळा. कोकणात पाऊस उदंड, परंतु जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि उन्हाळ्यात अनेक विहिरी तळ गाठतात. यजमान संकोचाने काही बोलत नाही. पाहुण्यानेच बादलीभर पाण्यात भागवावे.

किनारी ग्रामपंचायतींना यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. वाहनतळ पुळणीपासून दूर ठेवणे, हंगामात समुद्राकडील दिवे झाकणे अथवा मालविणे आणि कचऱ्याची व्यवस्था पर्यटक येण्यापूर्वीच लावणे, ही कामे फारशा खर्चाची नाहीत. शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी निघण्यापूर्वीच मुलांना हे नियम समजावून सांगितले, तर किनाऱ्यावर शिट्टी वाजविण्याची वेळ येत नाही.